नाल

मार्चपर्यंत जुर्फच्या आमच्या शेडमध्ये लाइन सरळ होती.
एका टोकाला तांब्याच्या नळ्या, दुसऱ्या टोकाला एसीची कॉइल,
मधे अकरा माणसं, अकरा स्टुलं,
आणि कुठल्याच तक्त्यात न बसणाऱ्या गप्पा.

मग सल्लागार आला. बूट स्वच्छ.
त्याने हवेत बोटाने एक अक्षर काढलं,
मला ती घोड्याची नाल दिसली.
रात्री तीनला गुडघे टेकून
फरशीवर पिवळी पट्टी मीच चिकटवली.
गावी नाल उंबऱ्याला ठोकतात, बरकत यावी म्हणून.
घोड्याला कोण विचारतं.

नालेत पाच माणसं मावतात.
स्टूल मावत नाही.
उरलेल्या सहांपैकी दोघे पॅकिंगला,
चौघे एअरपोर्टला.

याकूब मुकादम, बाणकोटचा.
आडनावाने मुकादम, हुद्द्याने बावीस वर्षं ब्रेझर.
आधी तो फक्त डाग द्यायचा, एका कॉइलला चोवीस,
बसून, डोळे बारीक करून,
सुईत दोरा ओवावा तसा.
आता तोच नळी वाकवतो, तोच ओवतो, तोच डाग देतो,
तोच हौदात बुडवून बुडबुडे बघतो
आणि वळतो, परत पहिल्या टेबलाशी.
दिवसाला नऊशे वळणं.
मी मोजलीत. माझं कामच ते.

पंखा लावता येत नाही, ज्योत हलते.
थंडीचं यंत्र उकाड्यात जन्मतं
हा विनोद इथे प्रत्येकजण पहिल्या महिन्यात करतो,
दुसऱ्या महिन्यात नाही.

कूलर बेचाळीस पावलांवर.
माझ्या फॉर्मात त्या पावलांना रकाना आहे: अपव्यय.
जाणं, ग्लास भरणं, पिणं, येणं,
एक मिनिट दहा सेकंद.
मी लिहिलं. मी लिहितोय हे त्याने पाहिलं.
दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत
तो तिकडे फिरकला नाही.

जूनमध्ये सेफ्टीवाल्यांनी संडासात तक्ता लावला.
लघवीचे आठ रंग, लिंबाच्या सरबतापासून काढ्यापर्यंत,
खाली सहा भाषांत: पाणी प्या.
तो तक्ता आणि माझा अपव्ययाचा तक्ता
एकाच प्रिंटरमधून निघाले होते, एकामागोमाग, गरम गरम.
याकूब म्हणाला, "माझा सातवा आला. बक्षीस काय?"

बूट काढताना मोजे पोटरीत रुतलेले असतात.
शेजारच्या टेबलावरच्या मोफिजुलचं मनगट
रात्री झोपेतही वळतं, नळी नसताना.
क्लिनिकात दोन गोळ्या आणि एक प्रश्न: वय किती?
काम कधी बदललं, हे त्या कागदावर विचारत नाहीत.

कॉइलमागे एकतीस सेकंद वाचले.
भिंतीवर फ्रेम लागली, केक कापला,
माझ्या नावापुढे साडेतीनशे दिरहम.
वाचलेले सेकंद कुठे ठेवतात
ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

रविवारी कॅम्पच्या स्वयंपाकघरात
याकूब तांदळाच्या भाकऱ्या थापतो.
उभ्याने नाही; पालथ्या बादलीवर बसून,
पाय समोर लांब केलेले, घोटे भाकरीसारखेच फुगलेले.
मी दारात उभा होतो.
उकड काढली, मळली, गोळा केला, 
आणि त्याचा हात थांबला.
चार सेकंद. सात. अकरा.
मनातल्या मनात मोजत होतो मी,
खिशात घड्याळ नसताना.

त्याने वर बघितलं. सगळं कळलं असावं.
ओला पंचा गोळ्यावर टाकत म्हणाला,
"घाई नको रे.
पिठाला जरा बसू दे."